एक सवाल बाकी हय

'मला माहीत नाही' हे वाक्य भर सभागृहात उभं राहून, सगळ्या देशाच्या देखत आणि हसतमुखानं उच्चारणारा मंत्री या देशात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या अक्काचा नवरा आहे. 'होऊन गेला' हे फक्त मंत्रिपदापुरतं. माणूस खणखणीत आहे. हदगावच्या अलीकडं रस्त्यालगत त्यांचं गाव लागतं. तिथं सकाळच्या वेळी कधीही जा, स्वच्छ सदरा, त्यावर जाकीट, हातात मोबाइल अशा थाटात ते ओसरीवर बसलेले असतात आणि अंगणात एक घोडी बांधलेली असते. घोडीचं कारण पुढं येईल. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडं दाजी म्हणतात. दाजींना मान द्यायचा, त्यांची चेष्टा सोसायची आणि त्यांच्यामागं त्यांच्याविषयी बोलायचं नाही, अशी रीत आहे. पहिल्या दोन गोष्टी मी आयुष्यभर पाळल्या. तिसरी आज मोडतोय, आणि त्याबद्दल दाजी मला चकार शब्दानं बोलणार नाहीत, कारण कुणी विचारल्याशिवाय ते कशावरच बोलत नाहीत.

आता यावरून कुणी त्यांना मितभाषी समजेल तर फसेल. अक्काला बघायला ही मंडळी लातूरला आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होतो. पोहे झाले, चहा झाला, त्यांच्या काकांनी अक्काला नाव, शिक्षण, स्वयंपाक असं नेहमीचं सगळं विचारलं, आणि नवरदेव आपला भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसलेला. काका म्हणाले, "तुला काई इचारायचं का मुलीला?" त्यानं मान हलवली. तेव्हा अक्कानंच पदर सावरत विचारलं, "तुम्ही का बोलेनात?" वडिलांनी डोळे वटारले. आत आईच्या हातून वाटी पडली. नवरदेव मात्र एकदम खुलला. "मला कुणी काई इचारलंच न्हाई," असं म्हणून त्यानं जे सुरू केलं ते थांबेना. विहिरीचं पाणी कुठल्या महिन्यात तळाला जातं, बी.ए.ला आपण नापास कसे झालो, वाटणीवरून भावाभावांत काय धुसफूस चाललीय, सगळं सांगितलं. काकांनी दोनतीनदा पायानं ढोसलं, पण व्यर्थ. निघताना नवरदेव आमच्या वडिलांना म्हणाला, "मामा, मुलगी प्रश्न चांगला इचारते." बाकी पत्रिकाबित्रिका नंतर जुळवून घेतली.

दाजींचं डोकंच तसं आहे. त्यात सगळं भरलेलं असतं, पण बाहेरून कुणी दार वाजवल्याशिवाय आतून काही निघत नाही. आणि एकदा प्रश्न आला की त्याला उभं राहून उत्तर द्यायचं, ही त्यांची दुसरी सवय. ती शाळेत लागली की सभागृहात, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. तिचा सगळ्यांत मोठा फटका नांदेडच्या एका लग्नात बसला. दाजी तेव्हा मंत्री होते, मानाच्या पंगतीत पहिल्या पाटावर होते. वाढप्यानं वाकून अदबीनं विचारलं, "साहेब, बुंदी घेता का थोडी?" दाजी उभे राहिले. मंत्रीच उठले म्हटल्यावर शेजारचे आमदार उठले, आमदार उठले म्हणून व्याही उठले, आणि बघता बघता सगळी पंगत हात झटकत उभी राहिली. दाजींनी शांतपणे "हाव, वाढा थोडी," असं उत्तर दिलं आणि ते खाली बसले. पण ताटावरून उठलेल्यानं परत त्याच ताटावर बसू नये, असं आमच्याकडं मानतात. दाजींना ते सुचलंच नाही, ते एकटे जेवत राहिले आणि बाकीचे हात धुऊन त्यांच्याकडं बघत राहिले. जिलबीची परात अजून दारातच होती. ते व्याही मला आजही भेटले की आधी जिलबीचा विषय काढतात.

ते मंत्री कसे झाले हे मला नीट समजलेलं नाही, आणि त्यांनाही नाही. दोन मोठ्यांच्या भांडणात तिसऱ्याचं फावतं, तसं तिकीट मिळालं. विचारलं तर उत्तर देणारा माणूस, एवढी ख्याती हदगावपासून भोकरपर्यंत होतीच. लोकांनी निवडून दिलं. पुढं दिल्लीत कुणाला तरी मराठवाड्यातला एक माणूस हवा होता आणि दाजी राज्यमंत्री झाले. खाती दोन मिळाली, एक परराष्ट्राचं आणि एक धान्याचं. म्हणजे एके दिवशी शेजारच्या देशांवर बोलायचं आणि दुसऱ्या दिवशी तुरीवर. दाजींना त्यात काही अवघड वाटलं नाही. त्यांची हिंदी नांदेडच्या मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली, निजामाच्या वेळेपासून आमच्या तोंडात बसलेली. शेजारी देशाशी आपलं धोरण नेमकं काय, असं एकदा एका सदस्यानं आवाज चढवून विचारलं. दाजींनी अधिकाऱ्यांनी दिलेलं छापील उत्तर इमानानं वाचलं, कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, ऐसा हय. बाजूवाले से खेत के धुरे का झगड़ा रहता. वो रहने दो. लेकिन पानी की बारी कब हय, ये पूछना बंद नक्को करना." सभागृह हसलं. विचारणारा सदस्यही शेतकरीच निघाला, तो मान डोलावून खाली बसला.

या उत्तरांमागची तयारी कुठं होत असे, हे मात्र दिल्लीत फार कमी लोकांना ठाऊक होतं. संसदेत मंत्र्याला मुख्य प्रश्न आधी कळतो, त्याचं उत्तर अधिकारी लिहून देतात. खरी परीक्षा त्यानंतर असते. उत्तर झालं की सदस्य उठून पुरवणी प्रश्न विचारतात, आणि ते कुठून कसे येतील याचा नेम नसतो. त्यासाठी अधिकारी मंत्र्याला जाडजूड फाइल देतात. दाजींना ती वाचून काही उपयोग होईना. "वाचलेलं डोस्क्यात ऱ्हात न्हाई, इचारलेलं ऱ्हातं," असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी जुनाच उपाय काढला. रोज सकाळी, धार काढून झाली की अक्का त्यांना फोन करायची आणि प्रश्न विचारायची. अक्का दिल्लीला गेलीच नव्हती. "म्हैस दिल्लीला नेता येत न्हाई, मग मी कामून जाऊ?" असं तिनं विचारलं होतं आणि दाजींनी एकट्याचीच बॅग भरली होती. लातूरची माझी बहीण हदगावला जाऊन 'का'ऐवजी 'कामून' म्हणायला लागली, हे मला अजून पचत नाही, पण ते असो.

तर फोन पिठाच्या डब्यावर ठेवलेला, स्पीकर चालू, अक्का भाकरी थापतेय, आणि तिकडं दिल्लीत सरकारी बंगल्यात दाजी फोनसमोर उभे. बाजूला खुर्चीत त्यांच्या खात्याचे सहसचिव, दक्षिणेकडचे एक गंभीर गृहस्थ, चहाचा कप धरून भाकरीचे आवाज ऐकताहेत. अक्काला परराष्ट्र धोरणातलं काही कळत होतं असं मी म्हणणार नाही. तिला जे मनात येई ते ती विचारी. एका दूरच्या देशाशी कराराची तयारी चालली होती तेव्हा तिनं विचारलं, "तिथं बाया शेतात जातात का?"

"माहीत न्हाई."

"मग इचारा की."

दाजींनी खरोखर त्या देशाच्या वकिलातीला विचारलं. वकिलातीत काय धांदल उडाली असेल ती असो, पण उत्तर आलं, आणि दुसऱ्या दिवशी सभागृहात कराराची कलमं सांगून झाल्यावर दाजी म्हणाले, "और वहाँ की बायां भी खेत में जाती, ये भी पूछ लिया." कुणीच विचारलेलं नव्हतं. पण एकदा प्रश्न कानावर पडला की त्याचं उत्तर दिल्याशिवाय या माणसाला अन्न गोड लागत नसे. सहसचिव सुरुवातीला घड्याळाकडं बघत बसायचे. पुढं पुढं फोन यायला उशीर झाला तर तेच विचारायला लागले, "आज मॅडम का फोन नहीं आया?"

एकदा अक्काची दाढ ठणकत होती म्हणून हे काम माझ्यावर आलं. मी लातूरला कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. पोरांना प्रश्न विचारणं हाच माझा धंदा, तेव्हा मी मोठ्या तयारीनं फोन लावला. दाजींनी माझे चारपाच प्रश्न ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, तुमच्या प्रश्नात उत्तर आधीच बसलेलं ऱ्हातं. वर अजून तीन खोटी उत्तरं देता. हे काय इचारणं झालं?" मला राग आला. मी म्हटलं, दाजी, लातूरची सगळी कीर्ती या चार पर्यायांवर उभी आहे. ते म्हणाले, "आसंल. पण तुमच्या अक्काची दाढ कधी बरी होईल, तेवढं सांगा." मला ते माहीत नव्हतं, आणि तसं म्हणायची मला सवय नव्हती, म्हणून मी एकदोन दिवसांत होईल असं ठोकून दिलं.

ते दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं. मी सुटीत अक्काकडं जायचो तेव्हा पहाटेच जाग यायची. बाहेर म्हैस ओरडायची, आत तवा तापायचा आणि दिल्लीहून दाजींचा आवाज चुलीजवळ यायचा. प्रश्नोत्तरं संपली की अक्का शेवटी ठरलेलं विचारायची, "जेवता का नीट?" आणि भारत सरकारचा मंत्री उत्तर द्यायचा, "हाव. पण तिखट न्हाई तिथल्या भाजीला." मग फोन ठेवायचा. त्या घरात एवढी संसदीय परंपरा होती की मी दारात चप्पल कुठं काढली हे विचारलं तरी मला उभं राहावंसं वाटायचं. नवरा-बायको एकमेकांशी इतकं रोज बोलताना मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्या आई-वडिलांनी एका घरात राहून जन्मात तेवढं बोलून घेतलं नसेल.

मग तो तुरीचा दिवस आला. परदेशातून डाळ आणण्याच्या एका करारावर प्रश्न लागला होता, म्हणजे दाजींची दोन्ही खाती एकाच प्रश्नात आलेली. फाइल जाडजूड होती. सकाळी अक्कानं थोडं इकडचं तिकडचं विचारलं आणि मग भाकरी उलटता उलटता म्हणाली, "मला एक सांगा. आपली तूर घराला येती, तवाच जहाज कामून येतंय?" हे मी अक्काच्या तोंडून ऐकलंय, मी तिथं नव्हतो. सहसचिवांनी फाइल चाळली. आयात का करावी लागते हे तिच्यात होतं, कुठून करायची, कशी करायची हेही होतं. रास झाली, म्हणजे मळणी उरकली, की पोती मोंढ्यात येतात, त्याच सुमाराला जहाज बंदराला कसं लागतं आणि भाव कसा पडतो, याबद्दल एक ओळ नव्हती.

"माहीत न्हाई," दाजी म्हणाले.

"मग इचारा की," अक्का म्हणाली आणि तिनं फोन ठेवला, कारण तव्यावरची भाकरी करपत होती.

त्या दिवशीचं कामकाज मी क्लासच्या स्टाफरूममध्ये मोबाइलवर बघत होतो. दाजींनी उत्तर वाचलं, पुरवणी प्रश्न आले, त्यांनी ते व्यवस्थित परतवले. अक्काचा प्रश्न कुणीच विचारला नाही. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला, दुसरे मंत्री उठायला लागले. दाजी उभेच. अध्यक्षांनी बसायची खूण केली. दाजी म्हणाले, "अध्यक्ष महोदय, एक सवाल बाकी हय." अध्यक्षांनी विचारलं, कुणाचा? "हमारे घर में से पूछा," दाजी म्हणाले. सभागृह खो खो हसलं. मी कपाळाला हात लावला. हसणं ओसरेपर्यंत दाजी थांबले, मग त्यांनी अक्काचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला आणि म्हणाले, "इसका जवाब मेरे पास नहीं हय. लेकिन सवाल बराबर हय. मैं पूछ के बताता." माझ्या शेजारी रसायनशास्त्राचे सर बसले होते. त्यांच्या वडिलांची शेती औशाकडं. ते म्हणाले, "सर, तुमचे दाजी गेले बघा." आणि थोड्या वेळानं, "पण प्रश्न बरोबरे."

सभागृहात मंत्री जे 'करतो' म्हणतो ते आश्वासन ठरतं, ते पुरं करावं लागतं. बाकीचे मंत्री म्हणूनच 'तपासून उचित कार्यवाही करण्यात येईल' असं बोलतात, म्हणजे कुणाच्या हाती काही लागत नाही. दाजींनी 'पूछ के बताता' म्हटलं होतं, आणि ते खरंच विचारायला लागले. अधिकाऱ्यांना विचारलं, बंदरावर जाऊन विचारलं, लातूरच्या दाळमिलवाल्यांना विचारलं. मला फोन करून विचारलं. प्रत्येकानं आपापल्या परीनं उत्तर दिलं आणि प्रत्येकाचं उत्तर दुसऱ्याकडं बोट दाखवणारं होतं. शेवटी त्यांनी वरच्या माणसांना विचारलं. वरच्यांना विचारायची पद्धत नाही. पुढच्या फेरबदलात मंत्र्यांच्या यादीत दाजींचं नाव नव्हतं, आणि लगेच आलेल्या निवडणुकीत तिकीटही मिळालं नाही. ते नांदेडला रेल्वेतून उतरले तेव्हा मी घ्यायला गेलो होतो. हातात एक बॅग आणि सहसचिवांनी प्रेमानं दिलेला फिल्टर कॉफीचा डबा. मी प्रवास कसा झाला असं विचारलं, तर म्हणाले, "सर, लोक मला वाईट वाटलं का मनून इचारून राहिले. वाटलं. पण उत्तर मिळालं न्हाई याचं जास्त वाटून राहिलं."

दाजी सावरले. अक्का सावरली नाही. भोकरच्या एका बारशात दाजींच्या चुलतीनं सगळ्या बायांत म्हटलं, "हिनंच घालवलं त्याचं मंत्रिपद. बाईच्या जातीनं एवढं इचारू न्हाई." अक्का बारसं आटोपून निघाली. घरी येऊन तिनं हातपाय धुतले, देवापुढं दिवा लावला आणि त्या दिवसापासून दाजींना प्रश्न विचारणं बंद केलं. भांडण नाही, अबोला नाही. जेवायला वाढायची, पण 'घेता का' नाही. चहा द्यायची, पण साखर कमी की जास्त हे नाही. दाजी हदगावला निघाले तर कुठं, किती वेळ, काही नाही. ज्या घरात सकाळ प्रश्नानं उजाडायची तिथं सगळी विधानंच उरली. पाणी तापलंय. भाजी झालीय. वीज गेलीय.

आणि दाजी बोलायचे बंद झाले. साहजिकच होतं, त्यांना कुणी विचारतच नव्हतं. गावातले लोक विचारायचे, पण ती उत्तरं दाजी कसेबसे उभे राहून द्यायचे आणि पुन्हा ओसरीवर येऊन बसायचे. सकाळी जाकीट घालायचं मात्र सोडलं नाही. मग त्यांनी खटपट सुरू केली. एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून अक्कासमोरून गेले. तिनं बुटाची जोडी शोधून दारात ठेवली. भर उन्हाळ्यात स्वेटर घातला. तिनं तो संध्याकाळी धुऊन वाळत टाकला. शेवटी दाजी एका जत्रेला गेले आणि येताना घोडी घेऊन आले. आमच्या सात पिढ्यांत कुणी घोड्यावर बसलेलं नाही, लग्नातसुद्धा दाजी जीपमधून आले होते. दारात घोडी बघून जगातली कुठलीही बायको एक शब्द तरी विचारील. अक्कानं बादलीभर पाणी आणून घोडीपुढं ठेवलं, म्हशीच्या वैरणीतली एक पेंडी टाकली आणि आत निघून गेली. दाजी बराच वेळ घोडीचा दोर धरून अंगणात उभे होते, असं शेजाऱ्यांनी मला सांगितलं.

हे ऐकून मी लातूरहून एसटी पकडली. अक्काला म्हटलं, "अक्का, हे काय चालवलंस? माणूस घोडी आणायला लागला." ती लसूण सोलत होती. म्हणाली, "मी इचारलं मनून गेलं रे त्यांचं. आख्ख्या गावाला एक मंत्री मिळाला व्हता. आपल्या घरात कुणी एवढं मोठं झालं व्हतं का? माझ्या एका तोंडानं गेलं. आता पुन्हा काई घालवायचं न्हाई मला." तिनं लसणाची पुढची गड्डी उचलली आणि मी माझं सगळं व्याख्यान गिळलं. चारही पर्याय चुकीचे होते.

तेवढ्यात दारात दाजी आले. जाकीट घातलेलं होतं. बोलणं त्यांच्या कानावर गेलं असणार. मंत्री कधी कधी कुणी न विचारता स्वतःहून सभागृहात निवेदन करतो, तशी सोय असते. दाजींनी मंत्री असताना ती कधी वापरली नव्हती. आज ते स्वयंपाकघराच्या चौकटीत सरळ उभे राहिले आणि छापील उत्तरांच्या चालीत बोलायला लागले. "सदस्यांच्या प्रश्नामुळं मंत्रिपद गेलं, हे खरं आहे काय? तर हे खरं न्हाई." अक्का लसूण सोलत राहिली. मग दाजींची छापील चाल सुटली. "प्रश्नामुळं न्हाई गेलं. उत्तर नव्हतं मनून गेलं. तो प्रश्न दिल्लीत कुणाला सुचला न्हाई, अन् मला तिथं जेवढे दिवस ठेवलं त्यात सांगण्यासारखं काम मी तेवढं एकच केलं." एवढं बोलून ते ओसरीवर जाऊन बसले. अक्कानं मान वर केली नाही. लसणाच्या पाकळ्या मात्र ती सालीच्या ढिगात टाकत होती आणि साली वाटीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे म्हशीच्या ओरडण्यानं मला जाग आली. मी अंथरुणातच पडून होतो. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता, दाजी ओसरीवर बसले होते. मध्ये एक भिंत. आणि दाजींचा फोन वाजला. त्यांनी पडद्यावरचं नाव बघितलं, आत बघितलं, पुन्हा पडद्यावर बघितलं आणि मग सावकाश उभे राहून फोन कानाला लावला. आतून अक्काचा आवाज मला दोनदा ऐकू आला, एकदा भिंतीतून आणि एकदा फोनमधून.

"घोडी कामून आणली?"

"तू इचारावं मनून."

तवा तापून धूर यायला लागला होता. मग अक्कानं विचारलं, "जेवता का नीट?" रात्री तिनंच त्यांना वाढलं होतं. "हाव," दाजी म्हणाले, आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसायला लागले. मला पांघरूण डोक्यावर ओढून घ्यावं लागलं, कारण मेहुण्यानं दाजींना रडताना बघायचं नसतं. मलाही दाजींनी बघायला नको होतं.

याला आता काही वर्षं झाली. दाजींचे केस पांढरे झाले, एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून फोन दुसऱ्या कानाला लावतात. घोडी अजून आहे, तिच्यावर कुणी बसत नाही. रोज सकाळी अक्का चुलीजवळून ओसरीवर फोन करते. लोक येताजाता हसतात, म्हातारा-म्हातारीला वेड लागलं म्हणतात. मी लातूरला क्लासला निघताना कधी कधी मुद्दाम त्या वेळेला फोन लावतो. लाइन बिझी असली की मला दिवसभर बरं वाटतं. परवा रास चालू असताना मी तिथंच होतो. अंगणात तुरीच्या पोत्यांची थप्पी लागली होती, ट्रॅक्टर मोंढ्याला निघायचा होता. फोन वाजला, दाजी गुडघ्यावर हात टेकत उभे राहिले.

आतून अक्कानं विचारलं, "आपली तूर घराला आली. जहाजाचं काई कळलं का?"

"न्हाई. अजून इचारून राहिलो."

"बरं," अक्का म्हणाली. "उद्या इचारते."